पाच, सहा आणि मग तीनच

आमच्या घरी लग्नपत्रिका आली की आई लग्न कुणाचं ते बघायची आणि अण्णा कागद किती जाड आहे ते बघायचे. अंगठा आणि तर्जनीत धरून पत्रिका हलकेच वाकवायचे, कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकायचे, आणि पसंत पडली की कात्री लावायला लग्न लागेपर्यंतही त्यांना धीर धरवायचा नाही. आई म्हणायची, अहो, निदान तिथी आणि पत्ता तरी टिपून घेऊ द्या. एकदा आम्ही एका लग्नाला नुसत्या आठवणीवर गेलो, अर्धा नौपाडा पालथा घातला आणि शेवटी भलत्याच मांडवात जाऊन बसलो. तिथल्या जिलब्या फर्मास होत्या म्हणून मी तोंड उघडलं नाही. ज्या पत्रिकेवर खरा पत्ता होता तिचे तोवर आठ त्रिकोण होऊन, एकमेकांना चिकटून, माजघरातल्या खुंटीला लटकत होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. साहेबानं पेन्सिलीनं काढलेला पुलाचा नाहीतर गटाराचा नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं गिरवायचा, एवढंच काम. बिघडलेलं कापड घरी यायचं. आई ते उकळून, चोळून त्यातली खळ काढायची आणि आतून पांढरीशुभ्र मलमल निघायची. आमच्या घरातले झाडून सगळे रुमाल त्या मलमलीचे होते. एखाद्या रुमालाच्या कोपऱ्यात पुलाची कमान पुसट दिसायची. कचेरीतून आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन अण्णा पाटावर बसायचे. पुढ्यात कात्री, पट्टी, कंपास आणि वाटीत खळ. मैदा सहज मिळायचा नाही, म्हणून ही खळ कणकेची, आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. शिजताना तिचा वास थेट खिरीसारखा यायचा आणि शेजारची पोरं दारात येऊन उभी राहायची. मी एकदा ती चाटून पाहिली आहे. मोरचूद पडायच्या आधी पाहिली, म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे.

हा नाद त्यांना लागला तो स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका इंग्रजी मासिकामुळे. त्यात ठोकळ्यांवर एक लेख होता. अण्णा मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते, पण डिक्शनरी घेऊन त्यांनी तो लेख अक्षरशः ओळ न् ओळ फोडला आणि मला समजावला. मी तेव्हा बारा वर्षांची, आगाऊ आणि भांडकुदळ. ते म्हणाले, कुमुद, हे बघ, एका कोपऱ्याभोवती सारख्या बाजूंचे तीन त्रिकोण चिकटव. झाला चार पैलूंचा ठोकळा. चार चिकटव, आठ पैलूंचा होईल. पाच चिकटव, वीस पैलूंचा होईल. आता सहा चिकटव बघू. मी चिकटवले, तर कागद उठेचना, सपाट पडून राहिला. चौकोन तीन ठेवले की साधा घन, चार ठेवले की फरशी. पंचकोन तीन ठेवले की बारा पैलूंचा ठोकळा. षट्कोन तीन ठेवले की पुन्हा फरशी. म्हणजे सगळे पैलू सारखे, सगळे कोपरे सारखे, असे ठोकळे जगात पाचच. मी हुज्जत घातली, आठवडाभर सहावा करायला बघितला, दोन वाट्या खळ वाया घालवली आणि आईचा धपाटा खाल्ला. पाचच निघाले. पुढे मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण गणितात कुणाची मर्जी चालत नाही हे मला त्या आठवड्यात कळलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण लेख पुढे जात होता. लांबी, रुंदी, उंची या तीन दिशांखेरीज एक चौथी दिशा धरली तर काय होईल, असं त्यात होतं. अण्णा म्हणायचे, त्रिकोण कोपऱ्याभोवती ठेवले होते ना, तसे आता अख्खे ठोकळे एका कडेभोवती रचायचे. चार पैलूंचे पाच ठोकळे एका कडेभोवती रचले की शेवटी बारीक फट उरते, जेमतेम सुपारीचं खांड शिरेल एवढी. कागदातली फट मिटवायला कागद टेबलावरून वर उचलावा लागतो. ही फट मिटवायला चौथी दिशा लागते. ती आपल्या घरात नाही, म्हणायचे, पण गणितात आहे. कुठला ठोकळा किती वेळा रचला तर फट उरते, हे मोजत मोजत त्यांनी चौथ्या मितीतले आकार काढले. सहा निघाले. लेखातही सहाच होते. त्या दिवशी अण्णांनी स्वतः जाऊन श्रीखंड आणलं. माझा भाचा मला हल्ली फोनवर असला एक आकार गरगर फिरताना दाखवतो आणि विचारतो, मावशी, कळतंय का? कळतंय रे बाबा. तुझ्या फोनमध्ये तो फिरतो, आमच्या घरात तो खुंटीला टांगलेला असायचा आणि येताजाता डोक्याला लागायचा.

घोडं अडलं ते पाचव्या मितीत. लेखाची शेवटची पानंच नव्हती. रद्दीवाल्यानं ती कुणाच्या तरी शेंगदाण्यांभोवती गुंडाळून दिली असणार. तीन मितींत पाच, चौथीत सहा, म्हणजे पाचवीत निदान सात तरी असणारच, असं अण्णांनी धरलं. आणि त्यांना सापडले तीन. पुन्हा मांडलं, पुन्हा तीन. हिवाळा गेला, होळी गेली. अण्णा जेवताना भातावर बोटानं रेघा ओढायला लागले. आमटी वाढली तरी लक्ष नाही. झोपले तरी ओठ हलायचे, आणि दिवसा, एकटे असले की, पुटपुटायचे. त्यांच्याजवळ मीच जास्त बसत असल्यामुळे एके दिवशी आईनं मला ओट्यापाशी धरून विचारलं, की ते नेमकं काय म्हणतात. मी सांगून टाकलं, की अण्णा म्हणतात, अजून एक आहे, असायलाच हवा. आईच्या हातातला कालथा खाली पडला. ती तिथंच चुलीपुढे बसली.

हे कळायला दामूकाकाबद्दल सांगायला हवं. दामूकाका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. आईच्या लग्नात तो नऊ वर्षांचा होता. तिनंच त्याला वाढवलं. हुशार, लाघवी, आणि आकड्यांचा नाद. कशानंही भाग जात नाही असे आकडे तो शोधायचा आणि कोळशानं माजघराच्या भिंतीवर लिहायचा. भिंत भरली की सरकून दुसरीवर. आई जेवायला हाक मारायची, आणि तो म्हणायचा, "थांब वहिनी, अजून एक आहे." मग जेवण सुटलं, मग आंघोळ सुटली, मग तो आम्हाला ओळखेनासा झाला. साऱ्या महाराष्ट्रात कुणी जरा विचित्र वागलं की लोक थट्टेनं म्हणतात, याला ठाण्याला पाठवा. आम्ही तर ठाण्यातच राहत होतो, आम्हाला पाठवायला टांगा पुरला. दामूकाका तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात अंगावरच्या कपड्यानिशी गेला. आई भेटायला गेली तेव्हा त्यानं पेन्सिल मागितली, पण टोकदार, धारदार काही देऊ नका अशी तिथे ताकीद होती. दुसऱ्या वर्षी तो तापानं तिथेच गेला. भिंतीला आम्ही तीनदा चुना दिला, तरी दमट दिवसांत कोळशाचे आकडे वर यायचे. कॉलेजात गेल्यावर मी शिकले की ते आकडे कधी संपतच नाहीत, नेहमी अजून एक असतोच. दामूकाकाचं म्हणणं खरं होतं बिचाऱ्याचं. त्या रात्री होस्टेलवर मी खूप रडले.

तर आता अण्णाही म्हणत होते, अजून एक आहे. आईनं वसंतामामाला बोलावलं. मामा मोहन्याच्या कारखान्यात होता, आवाज भोंग्याएवढा, पण त्या दिवशी तोही कुजबुजत बोलत होता. दामूच्या वेळी उशीर झाला, ताई, आता उशीर नको, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढच्या सोमवारी त्यानं रजा टाकायची आणि अण्णांना डोळे तपासायला म्हणून घेऊन जायचं, असं ठरलं. मी दाराआड सगळं ऐकत होते. माझ्या एका वाक्यानं हे झालं, अण्णांना मीच पाठवते आहे, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आईनं पत्रिका लपवायला सुरुवात केली. आलेली पत्रिका कणकेच्या डब्यामागे जायची आणि दोन दिवसांनी तिथूनही नाहीशी व्हायची. मला वाटलं, ती बंबात घालते. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पण आई सरळ मामाच्या मागे जाणारी बाई नव्हती. तिनं खुंटीवरचे ठोकळे एका पिशवीत भरले, मला बरोबर घेतलं आणि आमच्या डॉक्टरांकडे गेली. आमचे डॉक्टर म्हणजे लेले, नौपाड्यातले, साऱ्या आळीचे टायफॉइड त्यांनी उतरवलेले. त्यांनी ठोकळे टेबलावर मांडले, आईचं सगळं ऐकून घेतलं, मला दोन प्रश्न विचारले आणि बराच वेळ स्टेथोस्कोपशी चाळा करत बसले. मग म्हणाले की हे वेड आहे की विद्या, हे मला नाही सांगता येणार. ते ओळखणारा माझा एक वर्गमित्र आहे, मुंबईच्या कॉलेजात गणित शिकवतो, डोंबिवलीला राहतो. आधी त्याला दाखवा, मग मी चिठ्ठी देतो. डॉक्टरांचे उपकार मी कधी विसरले नाही. मला येत नाही असं म्हणणारा डॉक्टर मी नंतर फारसा पाहिला नाही.

डोंबिवलीला आम्ही गुरुवारी गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की भातखाचरं, मध्येच एखादं बैठं घर, वाटेवर गुडघाभर धूळ. डॉक्टरांचे ते वर्गमित्र, बापट सर, ओसरीवर खादीची बंडी घालून फणस फोडत बसले होते, हाताला तेल. आईनं पिशवी उपडी केली. सरांनी हात पुसायचं भान न ठेवता एक ठोकळा उचलला, फिरवला, मग चौथ्या मितीतला एक आकार उलगडून केलेली चोवीस ठोकळ्यांची लांबलचक माळ उचलली, तिच्याशी कितीतरी वेळ खेळत बसले, आणि विचारलं, हे कुणी केलं? आईनं सांगितलं. कुणाकडे शिकले? कुणाकडेच नाही. आईला एकच विचारायचं होतं, पण ती रिकाम्या पिशवीची घडी घालत बसली. सर एवढंच म्हणाले की मी रविवारी सकाळी येतो. लगेच येतो म्हणाले, म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असा आईनं अर्थ लावला. शुक्रवारी तिनं ट्रंकेतून जुनी गाठोड्याची चादर काढली. शनिवारी अण्णांची दोन धोतरं, दोन सदरे, पंचा, तांब्याचं फुलपात्र आणि सहा मलमलीचे रुमाल तिच्यात ठेवताना मी पाहिलं. दामूकाकासारखं यांना अंगावरच्या कपड्यानिशी जावं लागू नये म्हणून ते चाललं होतं, हे मला आज समजतं. तेव्हा मला तिचा असा संताप आला होता की मी जेवायलाही उठले नाही.

रविवारी सर आले. मामाही येऊन बसला होता. अण्णांना वाटलं, सर ठोकळे बघायला आलेत, आणि लाजत लाजत त्यांनी सगळं मांडलं. कोपऱ्याभोवतीचे त्रिकोण, कडेभोवतीचे ठोकळे, फट. सर मध्ये मध्ये हूं हूं म्हणत होते. एकदा म्हणाले, हे तुम्ही स्वतः काढलंत? आणि चष्मा काढून पुसला. मग अण्णांनी कागद बाजूला सारले आणि आम्ही घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात बोलायला लागले.

"सर, एक विचारायचंय. पाचव्या मितीत मला तीनच सापडतात. सहा महिने झाले. सात असायला हवेत. माझा भाऊ असाच शोधत गेला. माझ्या डोक्यात बिघाड झालाय का, ते तुम्ही मला खरं सांगा."

म्हणजे त्यांनाही तेच भय होतं. आम्ही तिघं त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. मामानं मान खाली घातली.

सर म्हणाले, "अहो, तीनच आहेत."

अण्णांना कळलं नसावं. सरांनी पुन्हा, सावकाश सांगितलं. पाचव्या मितीत तीनच. सहाव्या मितीत तीनच. पुढे हव्या तेवढ्या मिती घ्या, प्रत्येकीत तीनच. हे फार पूर्वी सिद्ध झालंय, सगळ्या जगाला मान्य आहे, आणि तुम्ही इथे पाटावर बसून, कात्रीनं, बरोबर तिथेच पोचला आहात. चुकला असतात तर सात सापडले असते.

"म्हणजे संपलं?" अण्णांनी विचारलं.

"संपलं."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. परक्या पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडायची नाही. पण ती पुढे आली, पदर खोचलेलाच होता, आणि सरांना म्हणाली, "अजून एक नाही ना?"

सरांना दामूकाका ठाऊक नव्हता, त्या शब्दांचं आमच्या घरात काय वजन होतं तेही ठाऊक नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नाही वहिनी. अजून एक नाही."

अण्णा रडायला लागले. मोठ्यानं, खांदे हलवून, आणि रडता रडताच हसायलाही लागले, पुन्हा पुन्हा म्हणत होते, तीनच, अरे तीनच. मामा माझ्या हाताला धरून अंगणात गेला आणि तिथे त्यानं तीनदा नाक शिंकरलं. माझं अंग इतकं हलकं झालं की मी पायरीवर बसून उगाच आंब्याची कोय धुतली. आईनं सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमरस, घावन, वालाचं बिरडं, कुरडया. खरं म्हणजे तो बेत तिनं अण्णांच्या जाण्याआधीचं शेवटचं घरचं जेवण म्हणून केला होता, पण जेवताना कुणाला ते आठवलंही नसेल. मामानं रसाच्या पाच वाट्या घेतल्या. अण्णांनी भातावर रेघ ओढली नाही, आणि सहा महिन्यांत प्रथमच म्हणाले की आमटीला मीठ कमी आहे. आईनं मीठ वाढलं, आणि पदरानं डोळे टिपले. सरांनी निघताना आठ पैलूंचा एक ठोकळा मागून नेला, कॉलेजात दाखवायला. पुढे मी त्यांच्याच कॉलेजात गेले, तेव्हा तो त्यांच्या खोलीतल्या कपाटावर होता. त्यावर 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं दिसायची.

दुपारी मामा मोहन्याला परतला. आई माजघरात गेली, मी मागोमाग. तिनं ट्रंकेमागून गाठोडं ओढलं, सोडलं, आणि एकेक वस्तू जागेवर ठेवायला लागली. धोतरं दांडीवर. फुलपात्र मांडणीवर. तेवढ्यात अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांना आपले कपडे दिसले, चादर दिसली, आणि ते गाठोडं कशाचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. आई कावरीबावरी झाली. तिनं रुमालांची चळत घाईनं उचलली, आणि रुमालांमधून काहीतरी घसरून जमिनीवर पसरलं. त्रिकोण. लग्नपत्रिकांचे, पन्नासाच्या घरात असतील, अण्णांच्याच एका त्रिकोणावरून आखलेले, जाड दोऱ्यानं बांधलेल्या गड्ड्यांतून सुटलेले. बंबात गेल्या असं मी समजत होते त्या सगळ्या पत्रिका तिथे होत्या.

अण्णा खाली वाकले. त्यांनी आईकडे पाहिलं.

"तिथे कात्री देत नाहीत," आई म्हणाली. "म्हणून कापून ठेवले होते."

अण्णांनी एक त्रिकोण उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि म्हणाले, "याच्या बाजू सारख्या नाहीत गं."

आईनं त्यांच्या हातातला त्रिकोण घेऊन पाहिला, परत दिला, आणि विचारलं, "खळ शिजवू का?"